भयपटाचं पोस्टर करताना भूत कुठे ठेवायचं?

नवख्या माणसाला भयपटाचं पोस्टर करायला सांगा. काळी पार्श्वभूमी, मोकळे सोडलेले केस, लाल डोळे आणि शीर्षकाच्या शिरोरेषेवरून ओघळणारं रक्त, एवढं तासाभरात तयार होतं. बघणाऱ्याला हा भयपट आहे हे कळतं. कोणता भयपट, हे मात्र कळत नाही. तेच पोस्टर नाव बदलून दुसऱ्या कुठल्याही सिनेमाला लावता येतं, आणि नाव बदलून चालणारं पोस्टर कुणाच्या लक्षात राहत नाही.

हा लेख लघुपट करणाऱ्या मंडळींसाठी आहे. म्हणजे ज्यांच्याकडे वेगळा डिझायनर नाही, एक बरा कॅमेरा आहे, आणि महोत्सवाला पोस्टर पाठवायची तारीख जवळ आली आहे. माझा आग्रह एकच: पोस्टरवर एकच गोष्ट बिघडलेली दिसावी, आणि ती का बिघडली हे सिनेमात कळावं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच आग्रहातून आल्या आहेत.

उदाहरणासाठी एक कल्पित लघुपट घेऊ. नाव 'रहाट'. गुहागरकडचं जुनं घर, मागल्या दारी विहीर. ती दगडमातीने बुजवून वर फाडी, म्हणजे सपाट दगड, बसवलेली आहे, पण लाकडी रहाट कुणी काढलेला नाही. घराच्या वाटणीसाठी मुंबईहून आलेल्या भावंडांना रात्री रहाट फिरल्याचा आवाज येतो. पोस्टरला एवढी गोष्ट पुरे.

१. आधी भीती ठरवा

'भुताची भीती' हे उत्तर चालणार नाही. आपल्याकडची भुतंच बघा. चकव्याची भीती वाट हरवण्याची असते, माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. मुंजाची गोष्ट अर्ध्यावर तुटलेल्या आयुष्याची आहे. मुंज झाली, पुढचं काही झालं नाही, आणि मुलगा पिंपळावर अडकला. गिऱ्हा पाण्यापाशी असतो. रोजच्या पाणवठ्यावर पाय टाकायची भीती तिथून येते. तिघांची पोस्टरं सारखी कशी होतील? चकव्याच्या पोस्टरमध्ये चेहऱ्याची गरजच नाही, तिथे वाट महत्त्वाची. मुंजाच्या पोस्टरमध्ये झाड आणि त्याच्या मानाने फार लहान असं काहीतरी. गिऱ्ह्याच्या पोस्टरमध्ये पाण्याचा पृष्ठभाग, तोही शांत.

तेव्हा पटकथा बाजूला ठेवा आणि एक वाक्य लिहा: 'या सिनेमात माणसं कशाला घाबरतात?' 'रहाट'साठी मी लिहीन: या घराने जे बुजवलं, ते बुजलेलं नाही. हे वाक्य पोस्टरवर जाणार नाही. ते भिंतीवर चिकटवा आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडून बघा. वाक्य जमत नसेल तर दिग्दर्शकाला विचारा. त्यालाही जमत नसेल तर अडचण पोस्टरपुरती नाही.

२. वस्तू शोधा

आता सिनेमातल्या वस्तूंची यादी करा. माणसं नकोत, वस्तू आणि जागा: रहाट, दोर, पोहरा, फाडी, शेवाळ, माजघराचा दरवाजा, वाटणीचे कागद, कंदील. यातली कोणती वस्तू जरा चुकीच्या अवस्थेत दाखवली की बघणारा थांबेल? बुजलेल्या विहिरीवरचा पोहरा ओला असेल तर? बरं आहे, पण ओलेपणा लहान चित्रात दिसत नाही. दोर मात्र दिसतो. रहाटावरून खाली आलेला दोर फाडीच्या फटीत शिरलाय आणि ताठ आहे. खालून कुणीतरी धरल्यासारखा. मिळालं पोस्टर.

जगातली गाजलेली पोस्टरं याच वाटेने गेली आहेत. 'द एक्झॉर्सिस्ट'च्या (१९७३) पोस्टरवर झपाटलेली मुलगी नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली हातात बॅग घेतलेला एक माणूस उभा आहे आणि वरच्या खिडकीतून त्याच्यावर उजेड पडतोय. उजेड येतोय तिथेच धोका आहे, एवढा एकच उलटा मामला. 'रोझमेरीज बेबी'च्या (१९६८) पोस्टरवर हिरवट छटेतला बाईचा आडवा चेहरा आणि त्यावर खडकावर उभी असलेली बाबागाडी, काळ्या सावलीसारखी. बाळ दिसत नाही. 'जॉज'च्या (१९७५) चित्रात शार्क सरळसरळ दाखवलाय, मग नियम मोडला का? नाही. तिथे पोहणाऱ्या बाईला तो दिसत नाहीये. आपल्याला माहीत आहे, तिला नाही, आणि भीती या अंतरात आहे.

हिंदी भयपट करणाऱ्या रामसे बंधूंच्या पोस्टरांना मी नावं ठेवणार नाही. सैतानाचा चेहरा, नायिका, हवेली, वीज, सगळं एकाच कागदावर असायचं, कारण त्या सिनेमांचा खरा स्टार तो सैतानच होता आणि पोस्टर भिंतीवर दहा इतर पोस्टरांशी भांडत होतं. तुमच्या लघुपटात तसा मेकअप केलेला स्टार असेल तर खुशाल दाखवा. पण बहुतेक लघुपटांतलं भूत म्हणजे दिग्दर्शकाची मावसबहीण आणि पावडर असते. ते अंधारात ठेवलेलं बरं.

आणखी एक. विधवा, म्हातारी, बाळंतीण, केस विस्कटलेली गावातली बाई यांना पोस्टरवर 'भूत' म्हणून उभं करण्याआधी थांबा. चेटकीण ठरवून बायकांना छळल्याच्या घटना आपल्या राज्यात घडल्या आहेत, आणि २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला तो अशाच अनुभवांतून. तसंच 'सत्य घटनेवर आधारित' असं लिहून खऱ्या गावाचं, खऱ्या वाड्याचं नाव छापू नका. तिथे माणसं राहतात.

३. काडेपेटीएवढी चित्रं

संगणक अजून उघडू नका. कागदावर उभे आयत काढा, उंची रुंदीच्या दीडपट, आकार काडेपेटीएवढा. प्रत्येकात तीनच छटा: काळा, राखाडी, कोरा कागद. पानभर काढा. पहिली चार-पाच सगळ्यांना सुचतात तशीच येतात. ती येऊन जाऊ द्यात.

'रहाट'ची एक मांडणी अशी: रहाट अगदी वर, कागदाच्या कडेला अर्धा कापलेला, फाडी अगदी खाली, मधली सगळी जागा रिकामी आणि तिच्यातून एकच उभी रेघ, म्हणजे दोर. दुसरी: विहीर दूर, लहान, आणि पुढे माजघराच्या दाराची काळी चौकट. तिसरी: वरून बघितलेली फाडी, दोर मध्यभागी ठिपक्यासारखा. तिसरी चलाख आहे पण दोर ताठ असल्याचं तिच्यात कळत नाही, म्हणून बाद. दुसरी सुंदर आहे, पण मोबाइलवर विहीर नखाएवढी होईल. पहिली ठेवायची.

रिकामी जागा भरायचा मोह आवरा. निर्माता विचारेल, 'इथे हिरोचा चेहरा बसेल की!' बसेल. मग दोर मागे जाईल आणि बघणारा चेहऱ्याकडे बघेल. नावाजलेला नट असेल तर हा सौदा कदाचित परवडतो. नसेल तर नाही.

४. फोटो काढा, फ्रेम उचलू नका

चित्रीकरणातली फ्रेम उचलून पोस्टर करणं सोपं वाटतं. गणित बघा. १९२०×१०८० पिक्सेलची फ्रेम ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापली तर जेमतेम ६.४×३.६ इंच भरते. फोर-के फ्रेम १२.८×७.२ इंच, आणि तीही आडवी. उलट २४ मेगापिक्सेलचा साधा फोटो, म्हणजे ६०००×४००० पिक्सेल, २०० डीपीआयला ३०×२० इंचांपर्यंत जातो. त्यात फ्रेम हलत्या चित्रातली असते, थोडी पुसट असतेच. म्हणून चित्रीकरणाच्या वेळापत्रकात पोस्टरसाठी एक संध्याकाळ आधीच राखून ठेवा.

संध्याकाळच का? पूर्ण अंधारात कॅमेऱ्याला काही दिसत नाही आणि फोटो दाणेदार होतो. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटं आकाश निळं असतं, झाडं काळी पडलेली असतात, तरी त्यांच्या कडा दिसतात. तेवढ्या वेळात काम उरकायचं. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) कमी, शटर जास्त वेळ उघडं. उजेडाचा स्रोत एकच ठेवा, आणि तो कुठून येतोय ते ठरवा. हनुवटीखालून टॉर्च मारणं शाळेच्या सहलीत ठीक आहे. आपण टॉर्चवर बटर पेपर लावून तो बाजूने, जमिनीलगत ठेवू, म्हणजे फाडीचा खडबडीतपणा उठून येईल. फोटोआधी चिऱ्यांवर पाणी मारा. ओला जांभा गडद होतो आणि कडेकडेने चमकतो. हा परिणाम संगणकावर आणायला रात्र जाते.

दोर खरोखर ताणा. सैल दोर नंतर संगणकावर सरळ केला की तो रेघ दिसतो, दोर नाही. ताणलेल्या दोराचे पीळ उघडतात, धागे उभे राहतात, रहाटाच्या लाकडावर तो रुततो. खाली वजन बांधा. आणि उघड्या विहिरीवर चित्रीकरण असेल तर अंधारात कुणालाही काठावर बसवू नका, कितीही चांगला फोटो येणार असला तरी.

तयार स्टॉक फोटोंत विहीर शोधली तर वर छोटं छप्पर आणि लाकडी बादली असलेली युरोपातली विहीर मिळते. ती गुहागरात लावली की कोकणातला प्रेक्षक घाबरायच्या आधी हसतो.

फोटो हा एकच मार्ग नाही, हेही सांगायला हवं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२४च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर रंगवलं होतं, आणि 'जॉज'चं चित्रही रॉजर कास्टेलच्या कुंचल्यातलं आहे. टीममध्ये कुणाचा हात चांगला असेल तर रंगवून घ्या. पण पायऱ्या त्याच.

५. काळा म्हणजे भीती नव्हे

डिझायनर सोल बासने 'द शायनिंग'साठी (१९८०) केलेलं पोस्टर पिवळं आहे, भडक पिवळं, आणि शीर्षकाच्या अक्षरातच एक चेहरा कोरलेला आहे. आपल्याकडे 'लपाछपी' (२०१७) उसाच्या फडात घडतो. हिरव्यागार उसातही माणूस हरवतो. रंग सिनेमाच्या जागेतून उचला. 'रहाट'कडे जांभ्याचा तांबूस, शेवाळाचा हिरवा आणि पावसाळी आभाळाचा राखाडी आहे. यातला एक मुख्य, एक जेमतेम. मी हिरवा-राखाडी पसरून ठेवीन आणि तांबूस फक्त फाडीच्या फटीपाशी येऊ देईन. तो बघणाऱ्याला रक्त वाटेल. वाटू दे, दगडच आहे.

पोस्टर पूर्ण झालं की त्याचा रंग काढून राखाडी करून बघा. दोर तरीही दिसला पाहिजे. नाही दिसला तर तुम्ही फक्त रंगावर अवलंबून होतात, छटांचा फरक कमी पडला आहे.

आणि कृपा करून: 'अमावास्येची रात्र' असं लिहून वर भलामोठा पूर्णचंद्र लावू नका. अशी पोस्टरं निघतात.

६. अक्षरं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण शिकवण्या इंग्रजी अक्षरांच्या असतात आणि आपली लिपी निराळी वागते.

पहिलं संकट तांत्रिक. फोटोशॉपमध्ये मराठी लिहिल्यावर जोडाक्षरं फुटत असतील किंवा ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जात असेल, तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. इंकस्केप आणि गिंप ही फुकट साधनं देवनागरी बरी हाताळतात. 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा 'मुक्त' हा फॉन्ट मोफत आहे आणि वापरायला मोकळा आहे, खालच्या बारीक मजकुरासाठी चांगला. त्यांचाच 'मोदक'ही सुंदर आहे, पण त्या गुबगुबीत अक्षरांनी कोण घाबरणार?

शीर्षक मात्र फॉन्टमध्ये टाइप करून सोडू नका. निदान फॉन्टवर हाताने काम करा, जमलं तर मुळातूनच रेखाटा. भेगा पाडणं, खरवडणं हा पहिला मोह. जरूर करा, पण भेग कुठे जाते ते बघा. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक बराचसा शिरोरेषेवर उभा आहे. शिरोरेषा नको तिथे तुटली की 'घर' चं 'धर' होतं आणि 'भय' चं 'मय'. रक्ताच्या ओघळांचीही तीच गत: एक ओघळ अक्षराखाली लोंबला की तो उकार वाटतो. शीर्षक रेखाटल्यावर ते गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला वाचायला द्या, आणि काही न सांगता ऐका.

'रहाट'मध्ये एक संधी आहे. 'हा' चा काना शिरोरेषेपासून खाली लांबवत नेला तर तोच दोर होतो आणि थेट फाडीच्या फटीत उतरतो. काना कितीही लांबला तरी वाचता येतो. रफाराशी किंवा वेलांटीशी असा खेळ केला की शब्द हातचा जातो. पण असं केलं तर फोटोतला दोर काढून टाकायला हवा. दोन दोर असले की कल्पना फुकट. आणि फोटोतला खरा, पीळ उघडलेला दोर जास्त घाबरवत असेल तर काना साधाच ठेवा. मी दोन्ही करून शेजारी शेजारी ठेवीन, आणि बहुधा खरा दोर निवडीन.

७. एक ओळ

शीर्षकाखालची ओळ चित्रात दिसतंय ते पुन्हा सांगायला नसते. 'कोण ओढतंय हा दोर?' ही ओळ चित्राचं काम स्वतःकडे घेते, आणि प्रश्नचिन्हाने घाबरवायचे दिवस गेले. त्यापेक्षा: 'विहीर बुजवून बारा वर्षं झाली.' साधी माहिती. दोर ताठ का, हा प्रश्न बघणारा स्वतः विचारतो. 'एलियन'च्या (१९७९) पोस्टरवरची ओळ आठवा: अवकाशात तुमची किंकाळी कुणालाही ऐकू येत नाही. राक्षसाचा उल्लेख नाही, फक्त तिथली परिस्थिती सांगितली आहे. ओळ बोली मराठीत लिहा. 'भयाचे साम्राज्य', 'थरारक अनुभूती' हे शब्द वाचून कुणाच्या अंगावर काटा आलेला मी पाहिला नाही.

८. नावं आणि शिक्के

इंग्रजी पोस्टरांवर खाली उंच, चेपलेल्या अक्षरांत श्रेयनामावली असते. तसं देवनागरी चेपलं की वरच्या आणि खालच्या मात्रा एकमेकींत अडकतात. म्हणून नावं कमी करा आणि अक्षर मोठं ठेवा: लेखन-दिग्दर्शन, छायांकन, संकलन, ध्वनी, मुख्य कलाकार, निर्मिती. बाकीच्यांचे आभार सिनेमाच्या शेवटी माना. चित्रपटगृहासाठी प्रमाणपत्र घेतलेलं असेल तर त्याची श्रेणी पोस्टरवर दाखवावी लागते. महोत्सवात निवड झाल्याची खूण म्हणून लावतात त्या पानांच्या माळा खऱ्या निवडीच्याच लावा, आणि दोनपेक्षा जास्त असतील तर खाली एका ओळीत. दोराभोवती नको.

९. मोबाइल आणि छापखाना

पोस्टर बहुतेक लोक मोबाइलवरच बघणार. ते पडद्यावर दोन सेंटिमीटर रुंद करून हात लांब धरा. दोर आणि नाव, या दोन गोष्टी दिसल्या तर पास. इन्स्टाग्रामसाठी १०८०×१३५० पिक्सेलची वेगळी मांडणी करा; उभं पोस्टर नुसतं कापलं तर रहाट किंवा फाडी यांपैकी एक जातं. व्हॉट्सॲप चित्र दाबून पाठवतं आणि अंधाऱ्या भागांत पट्टे उमटतात. गडद भागावर आधीच बारीक दाणा टाकला तर ते कमी होतात. मूळ फाइल पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

छपाईत भयपटाची पोस्टरं हमखास फसतात, कारण पडदा स्वतः उजळतो आणि कागद उजळत नाही. शाई कागदात पसरते आणि अंधार आणखी अंधारतो. शेवाळ, दोराचे धागे, फाडीची कड सगळं एका काळ्या डागात बुडतं. म्हणून छपाईची वेगळी प्रत करा आणि तिच्यातल्या सावल्या पडद्यावर जरा जास्तच उजळ वाटतील इतक्या वर आणा. मोठ्या काळ्या भागात नुसती काळी शाई फिकट, राखाडी दिसते. तिच्या सोबत निळी, किरमिजी, पिवळी थोडी थोडी लागते. ६०, ४०, ४० आणि काळी १०० टक्के हे प्रमाण चालतं, पण एकूण शाईची मर्यादा छापखान्याला विचारा. बारीक अक्षरांना हे मिश्रण वापरू नका. काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं असतील तर ती एक वजन जाड घ्या, नाहीतर शाई आत शिरून मात्रा बुजतात.

कडेने ३ मिलिमीटर जादा चित्र ठेवा, मजकूर कडेपासून किमान सेंटिमीटरभर आत. आधी १२×१८ इंचाची एकच डिजिटल प्रत काढून घ्या आणि ती दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न बघता, जिथे लावणार तिथल्या उजेडात बघा. फ्लेक्स लांबून बघितला जातो, त्यामुळे प्रत्यक्ष आकाराला १०० डीपीआय पुरे, आणि त्यावर ओळ, नावं, शिक्के काही नको: चित्र, 'रहाट' आणि तारीख.

पीडीएफ देण्याआधी सगळी अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत, बदला. छापखान्यातल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसतो. तिथला माणूस घाईत दुसरा लावतो, जोडाक्षरं फुटतात, आणि दिग्दर्शकाच्या नावातला 'श्री' शंभर प्रतींवर चुकीचा छापून येतो.